बोटीला शिडी लावली

प्रिय हेल्वी,

पत्र हातात पडलं की तू आधी शेवटचं पान वाचतेस, हे मला चांगलं ठाऊक आहे. या वेळी तसं करू नकोस, इथून सुरुवात कर. बातमी अशी की रेइनोच्या बोटीला मी शिडी लावली. हो, मीच. शेजारच्या आर्वोने नाही, गावातल्या दुकानाच्या माणसाने नाही. मी स्वतः, गुडघे टेकून, नाकावरून घसरणारा चष्मा मनगटाने वर ढकलत. चांगली लांब, पोलादी, दुमडून वर घेता येते अशी शिडी आहे. खालची पायरी पाण्यात खोलवर जाते, म्हणजे आपल्यासारख्यांना पाय हनुवटीपर्यंत उचलावा लागत नाही. मागच्या उन्हाळ्यात तू म्हणालीस ना, की आपलं पोहणं संपलं, तलाव आता काठावरून बघायचा? ते मला मान्य नाही. तेव्हा हे भांडणाचं पत्र आहे असं समज.

गेल्या आठवड्यात फळीवर शिडीची जागा आखताना मला एकदम लग्न होऊन तुमच्या घरी आले तो पहिला उन्हाळा आठवला. तू तेव्हा सतरा वर्षांची, नुसती कोपरं आणि गुडघे. मला वाटलं, तलाव म्हणजे काठावरून चालत आत जायचं. गेले, आणि पोटरीपर्यंत काळ्या चिखलात रुतले. बाहेर आले तर पायाला जळवा. मी अशी किंचाळले की पलीकडच्या काठावरचे लोक घराबाहेर आले. तू मीठ आणायला धावलीस, पण हसून हसून निम्मं गवतावरच सांडलंस. सासूबाई म्हणाल्या, शहरातली पोरगी दिसतेय, बघू किती दिवस टिकते. शहर कसलं डोंबलाचं, मी हिबिंगसारख्या लहान गावची! पण रस्त्याला दिवे असले की त्यांच्या लेखी ते शहर. मग तू मला हळूच सांगितलंस की अगं, इथे काठावरून कुणीच पोहत नाही, बोट घेऊन मध्यावर जायचं, तिथलं पाणी बघ. त्या दिवसापासून मी तुझी झाले, रेइनोची नंतर झाले.

आणि काय ते पाणी! वरून कोमट, कमरेखाली थंडगार, चहाच्या रंगाचं आणि काचेसारखं स्वच्छ. उतरायचं सोपं होतं, उडी मारली की झालं. चढणं हा खरा तमाशा. ॲल्युमिनियमची कड उन्हाने तापलेली, हाताला धड पकड नाही, बाजूला लोंबकळलं की सगळी बोट कलायची आणि रेइनो ओरडायचा, "मागून या गं, मागून! बुडवताय का मला?" मग तो इंजिन वर उचलून ठेवायचा, पोहण्याच्या पोशाखाला कमरेशी मूठ घालायचा आणि एका हिसक्यात आपल्याला आत घ्यायचा. आपण धप्पकन तळाशी, गळांच्या पेटीवर नाहीतर सकाळच्या माशांच्या खवल्यांवर. आणि दरवेळी, न चुकता, तो म्हणायचा, "ही मासोळी नियमापेक्षा लहान भरली, परत सोडून देऊ का?" पुढे आपण दोघी चांगल्या रुंदावलो तेव्हा म्हणायला लागला, "बस झालं, आजचा कोटा या एकीतच भरला." तू एकदा चिडून त्याला वल्हं फेकून मारलंस. ते पाण्यात गेलं, आणायला तुलाच उडी मारावी लागली, आणि तुला पुन्हा वर ओढताना त्याने पुन्हा तेच ऐकवलं. त्याच्याकडे विनोद मोजकेच होते, पण झिजेपर्यंत वापरायचा. आज तो शिळा विनोद ऐकायला मिळाला तर मी काय वाटेल ते देईन.

दर युहान्नसला, वर्षातल्या सगळ्यात लांब दिवसाच्या सणाला, आपलं हे ठरलेलं. तू आधी डुलुथहून गाडीने यायचीस, मग फीनिक्सला लेकीकडे, शेरिलकडे राहायला गेलीस तरी विमानाने यायचीस. सौनाची वाफेची खोली तापायची, काठावर होळी पेटायची, मी वेलदोड्याचा पाव भाजायची, आणि तू प्रत्येक वर्षी म्हणायचीस की आईच्या हातचा याहून मऊ असायचा. नणंद म्हणून तेवढा एकच काय तो सासुरवास तू मला केलास. पण त्या सगळ्याआधी, सकाळीच, तिघांनी मध्यावर जायचं आणि आपण दोघींनी पोहायचं. पाठीवर पडून नुसतं आभाळ बघायचं. तिथेच तू मला शेरिलच्या वेळी दिवस गेल्याचं सांगितलंस, तुझ्या नवऱ्याच्याही आधी. तिथेच मी तुला सांगितलं की मला मूल होणार नाही. बोटीत रेइनो पाठ करून बसायचा, गळाकडे बघत, आणि ऐकू येत नसल्याचं सोंग करायचा.

तर शिडी. दुकानात गेले तर काउंटरवरचा तरुण म्हणाला, "आजी, आजोबांना पाठवा, त्यांना समजावून सांगतो." मी म्हटलं, "ते चर्चमागे पुरलेत रे, तिथून पाठवत नाहीत." बिचारा कानापर्यंत लाल झाला आणि पुढचं सगळं सामान माझ्या गाडीत स्वतः नेऊन ठेवलं. शिडी बसवली ती बोटीच्या मागच्या बाजूला, इंजिनच्या उजवीकडे, पंख्यापासून चांगली लांब. आतून जाड पट्टी, म्हणजे भार नुसत्या पत्र्यावर येत नाही. पोलाद आणि ॲल्युमिनियम ओलाव्यात एकमेकांना टेकले की एक दुसऱ्याला खातं, म्हणून मध्ये नायलॉनच्या चकत्या घातल्या. नणंदा-भावजयींमध्ये कुणी अशा चकत्या घातल्या असत्या तर कितीतरी घरांचं भलं झालं असतं. आपल्याला कधी लागल्या नाहीत.

पण ड्रिल हातात घेतलं आणि हात थांबला. या बोटीला भोक पडू नये म्हणून त्या माणसाने जन्मभर जीव टाकला. दर वसंतात अंगणात बोटीखाली आडवा पडायचा, आत पाणी भरून कुठे झिरपतं ते बघायचा, एकेक रिव्हेट बोटाने चाचपायचा. माझ्या ताप आलेल्या कपाळाला त्याने इतक्या हळुवारपणे हात लावला नसेल. आणि त्याच्या माघारी मी तिथेच भोकं पाडायला बसले! मी मोठ्याने विचारलं, "पाडू का रे?" आधी बारीक पातं लावलं. ते आत गेलं आणि चकचकीत कीस माझ्या मांडीवर पडला. मग मी रडले, हेल्वी. त्याला पुरताना रडले नव्हते एवढी रडले. फेब्रुवारीत गेला, जमीन गोठलेली, मे उजाडेपर्यंत पुरता आलं नाही, तोवर माझं रडूही गोठून गेलं होतं की काय कोण जाणे. मग नाक पुसलं, जाड पातं लावलं आणि उरलेली भोकं पाडली. सगळीकडे पाणी अडवणारा लगदा भरला, बोल्ट आवळले, आणि बादलीने पाणी ओतून बघितलं. थेंब झिरपला नाही.

आता ते लिहिते, जे आपण वर्षभर एकमेकींशी बोललो नाही. मागचा युहान्नस. रेइनोला पुरून महिनाच झालेला, तरी आपण हट्टाने गेलो, दोघीच. पाण्यात तू उतरलीस, मी बोट सांभाळत बसले. तू मागच्या बाजूला आलीस, मी तुझे दंड धरले, ओढते आहे, तू पाय झाडते आहेस, आणि तू काही वर येईनास. आधी आपण खूप हसलो. मी म्हटलं, "पाव कमी खायला हवा होतास." तू म्हणालीस, "आईच्या हातचा असता तर तरंगले असते." मग तुझे ओठ निळे पडायला लागले आणि हसू थांबलं. आणि मग आपण दोघींनी एकदम हाक मारली. रेइनो! ठरवून नाही, विचार करून नाही. पन्नास वर्षांची सवय, तोंडातून निघून गेली. पलीकडच्या झाडांवर आपटून ती परत आली. तू माझ्याकडे बघितलंस, मी तुझ्याकडे. नंतर तू एवढंच म्हणालीस, "दोर दे, मी धरते. काठापर्यंत ओढत ने."

मी वल्ही मारत तुला नेलं. काठावर कॉफीचे कप धरून सणाला जमलेले सगळे उभे होते. तू चिखलातून पाय उपसत बाहेर आलीस, पायाला जळू, आणि म्हणालीस, "हा नवा गुडघा काही कामाचा नाही." सगळ्यांना पटलं. त्यानंतर तू सगळ्यांना गुडघ्याचं सांगतेस आणि मीही तेच सांगते. गुडघा बिचारा मुका, त्याच्या माथी सगळं मारून आपण मोकळ्या झालो. अगं, पण मी तिथे होते. मीही तीच हाक मारली होती.

शिडी लावली तर ती वापरून बघायला नको का? परवा सौना तापवला, अंग चांगलं शेकलं आणि बोट घेऊन निघाले. आर्वो त्याच्या बोटीतून मागे मागे. मी ओरडले, "आर्वो, माझ्या मागे यायचं कारण नाही!" तो म्हणाला, "तुझ्या मागे कोण येतंय? मी मासे धरायला आलोय." गळाला आमिषसुद्धा लावलेलं नव्हतं मेल्याने. मी उडी मारली. बर्फ जाऊन महिनाच झालाय, जीव नुसता घशाशी आला. वळून बघते तर काय, शिडी वर दुमडलेली, कडी आतून लावलेली! पाण्यातून हात पोचेना. आतून कडी लावायची आणि आपण बाहेर राहायचं, एवढं शहाणपण मीच करू जाणे. आर्वो पोट धरून हसला. "थांब, जाळं आणतो," म्हणाला. मग वल्ह्याने कडी काढून शिडी खाली सोडली आणि शहाण्यासारखा तोंड फिरवून बसला.

मी चढले. एक पाय, दुसरा पाय, हात कडेला, आणि आत. कुणी ओढलं नाही, कुठे खरचटलं नाही. आत आले आणि ओली निथळत तशीच उभी राहिले, कारण आता काहीतरी ऐकू यायला हवं होतं. आलं नाही. आर्वो म्हणाला, "चढलीस की." मी म्हटलं, "हो, चढले." मला फार बरं वाटलं आणि फार वाईट वाटलं, दोन्ही एकदमच. घरी येऊन पहिलं काम केलं ते कडीला दोर बांधायचं. टोकाला नारिंगी तरंगता गोळा लावलाय, पाण्यातून ओढला की शिडी खाली. म्हणजे आता बोटीत कुणी नसलं तरी अडत नाही.

रविवारी शेरिलचा फोन आला. लेक गुणाची आहे तुझी, पण वाळवंटात राहून अगदी परकी झालीय. म्हणाली, "मामी, तू आईला ईस्टरच्या वेळी विचारलंस, युहान्नसला येतेस का, ती नको म्हणाली. मागच्या महिन्यात विचारलंस, तेव्हाही नको म्हणाली. दोनदा नाही म्हणजे नाही. आता तिच्या मागे लागू नकोस." मी म्हटलं, "बाई गं, तुझ्या आईला तू ओळखतेस का? आमच्याकडे कॉफीचा कप पुढे केला तर पहिल्यांदा म्हणायचं, नको, उगाच त्रास. दुसऱ्यांदा म्हणायचं, खरंच नको. तिसऱ्यांदा म्हणायचं, बरं, अर्धाच दे, आणि मग भरून घ्यायचा. पहिल्याच वेळी हो म्हणणाऱ्याकडे आम्ही दुष्काळातून आल्यासारखं बघतो." ती हसली. मग म्हणाली, "मग मामी, तू तिसऱ्यांदा का नाही विचारलंस?"

पावाची भट्टी लावलीय म्हणून फोन ठेवला. भट्टी थंडच होती. तुला खरं ते सांगते. मला भीती वाटली, हेल्वी. पहिलं नको रीतीचं असतं, दुसरंही रीतीचंच. तिसरं नको मात्र खरं असतं, त्यानंतर पुन्हा विचारायचं नसतं, आणि मग मी या तलावावर एकटी उरते. म्हणून महिनाभर मी भोकं आखत बसले, चकत्या मोजत बसले, बोल्ट आवळत बसले आणि विचारायचं टाळत आले. परवा कळलं की मला एकटीला चढता येतं. पण एकटीला चढायचं नाहीये गं. फोनवर तुझी जीभ सवयीने नको म्हणून जाते, तेव्हा हे कागदावर विचारते, आणि तलावाच्या पलीकडच्या काठाला ऐकू जावं एवढ्या मोठ्याने विचारते. येत्या युहान्नसला येतेस का? हे तिसऱ्यांदा.

उत्तराच्या धास्तीत असलेली, तुझीच
ताइमी