कुंपणाची सरळ रेघ

सिग्नेट, टास्मानिया
४ मे

ती. नेरिडा मावशीस,
सा. न. वि. वि.

शेजारच्या क्लेमकाकांनी बांधकामासाठी अर्ज केला आहे. कौन्सिलकडून नकाशाची प्रत आम्हालाही आली. मागे एक खोली दाखवली आहे; कशासाठी, ते लिहिलेलं नाही. पण माझा जीव टांगणीला लागलाय तो कुंपणामुळे. दोन घरांमध्ये नवं कुंपण म्हणून एक सरळ रेघ आहे, आणि आत्ता मधलं फाटक आहे तिथंही ती तुटत नाही. नकाशा काढणारा विसरला, की फाटक जाणार?

क्लेमकाकांच्या ब्रिडीशी लग्न ठरल्यावर, तिच्याकडे जायला रस्त्याचा वळसा नको म्हणून आपल्या रूबेननं ते फाटक स्वतः बसवलं. बोट बुडून तो गेल्यापासून आई रोज दुपारी त्या फाटकातूनच स्कोनच्या गोड पावांचा डबा घेऊन त्यांच्या स्वयंपाकघरात जाऊन बसते. दिवसभरात बोलते ती तेवढंच.

क्लेमकाकांना विचारलं तर म्हणाले, मला काय कळतंय पोरी, कागदावर असेल तिथं खिळे ठोकायचे. आणि आत निघून गेले. एरवी माझी टिंगल केल्याशिवाय हलत नाहीत! हरकत महिनाअखेरपर्यंत घ्यायची आहे. कौन्सिलला लिहायच्या पत्राचा मसुदा सोबत आहे. कळलं नाही तर अंदाज करू नये, विचारावं, हे घरी शिकवताना तूच सांगायचीस.

माया आहे तशीच ठेव.
तुझी टॅम्सिन


डेव्हनपोर्ट
९ मे

चि. टॅम्सिन हिस,
अ. उ. आ.

एका फाटकासाठी एवढी पानं, आणि पानापानावर माफी! कौन्सिलचा माणूस वाचता वाचता म्हातारा होईल. बाई गं, हे कौन्सिलला विचारायचंच नाही. ब्रिडीला विचार. उत्तराची तुला धास्ती आहे, म्हणून कागद मध्ये घालते आहेस.

जेवत जा, आणि या म्हातारीवर रागावू नकोस.
तुझी मावशी


सिग्नेट
१७ मे

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

ब्रिडीला विचारलं. म्हणाली, कुणी काही विसरलेलं नाही. रेघ मीच सरळ काढायला सांगितली. सप्टेंबरात तिचं लग्न आहे, खोली त्या दोघांसाठी. फाटकाची कडी वाजली की अजून क्षणभर तिला रूबेनच आला असं वाटतं. मग आई आत येते आणि तिला सूनबाई म्हणते. तोंडावर कसं सांगू गं, म्हणाली. वाटलं, नकाशा बघून तुम्हीच समजाल. दोघी रडलो. कौन्सिलला मी एकच ओळ लिहिली, आमची हरकत नाही.

काल आईला सांगितलं. दुपारी तिनं नेहमीसारखा डबा भरला, टोपी घातली, आणि फाटकाकडे न जाता रस्त्यानं वळसा घालून त्यांच्या पुढच्या दाराशी गेली. मी आमच्या पायरीवरून पाहत होते. तिनं दार वाजवायला हात उचलला, तसाच थोडा वेळ धरला आणि खाली घेतला. परत येऊन म्हणाली, घरात कुणी नाहीये गं. त्यांच्या धुराड्यातून धूर निघत होता. मी हो म्हटलं आणि तिच्या हातातला डबा घेतला.

लोभ पत्रातून नेहमीच पाठवतेस. या वेळी तू स्वतःच ये.
तुझी टॅम्सिन