धाकट्याच्या नोंदी

३ मार्च
डॉक्टरबाईंनी आज धाकट्या भावाच्या आजाराचं नाव सांगितलं — स्किझोफ्रेनिया. आईने ते तीनदा विचारलं आणि तिन्ही वेळा वेगळंच म्हटलं. मी लगेच विचारलं, "कोणत्या प्रकारचा?" ग्रंथालयात पुस्तकांना क्रमांक देण्यात वीस वर्षं गेली माझी, क्रमांकाशिवाय वस्तू ठेवायची कुठे! आमच्याकडच्या एका जुन्या पुस्तकात प्रकार आहेत — संशयी, विस्कळीत, ताठरून बसणारा. बाई म्हणाल्या, "ते प्रकार आता वापरत नाही आम्ही. माणसं त्यांत मावत नव्हती. कोणतं लक्षण किती आहे, ते बघतो." घरी जे दिसेल ते लिहून ठेवा म्हणाल्या. "पण त्याला सांगून हं."

५ मार्च
याच वहीत मधोमध रेघ मारली. एकीकडे जे नव्याने आलं: आवाज (दोन पुरुष, त्याच्या कामावर शेरे मारतात), तो काम करतो त्या दुकानाचे मालक त्याच्या मनातलं ऐकतात ही खात्री, बोलता बोलता भलतीकडे जाणं. दुसरीकडे जे गेलं: अंघोळ, मित्र, हसू. पण काल तर एकटाच हसत होता! मग हसू कुठल्या रकान्यात? डोकं भंजाळलंय.

त्याला अजून सांगितलेलं नाही. वही फाडून टाकेल.

९ मार्च
जेवला नाही. "यात काहीतरी घातलंय." आईने त्याच्याच ताटातला घास खाऊन दाखवला. तरी नाही. थोड्या वेळाने स्वतः उठून तिला पाणी आणून दिलं. "तुला काही होत नाहीये ना, आई?" याला मी रकानाच केलेला नाही.

१४ मार्च
चष्म्याच्या दुकानात जाऊन आले. धाकटा तिथे काचा घासतो. मालक म्हणाले, "हात अजून चांगला आहे हो त्याचा. फक्त काच फ्रेममध्ये बसवतो, काढतो, परत बसवतो. दहादा." मीसुद्धा कुलूप दोनदा ओढून बघते. आई तर तीनदा. मग हे आजारात कधीपासून धरायचं?

१५ मार्च
लिहीत होते तेव्हा टेबलाशी येऊन उभा राहिला. "ताई, कोणीतरी माझ्याबद्दल सगळं लिहून ठेवतंय."

वहीवर कोपर ठेवलं. म्हटलं, "छे रे. कोण लिहिणार?"

तो गेल्यावर पहिल्या रकान्यात लिहिलं — संशय.

२१ मार्च
बाई रजेवर. त्यांच्या जागी दुसरे डॉक्टर, घाईतले. धाकटा त्यांना म्हणाला, "घरात माझ्यावर टिपणं काढतात." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "असं काही आहे का?" तो शेजारीच बसलेला. मी मान हलवली — नाही. त्यांनी गोळी वाढवली.

२४ मार्च
दिवसभर झोपतो. हात थरथरतो. काल दुकानात दोन काचा फुटल्या, मालकांनी घरी पाठवलं. खोट्याच्या कपाळी गोटा म्हणतात. इथे खोटं बोलले मी आणि गोटा बसला त्याला. लाज वाटते. आईला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "मला काय सांगतेस? त्याला सांग."

२८ मार्च
सांगितलं. बाईंच्या खोलीत, त्याच्यासमोर. वही त्याच्या हातात दिली. त्याने पहिल्या पानापासून वाचली, सावकाश, बोट ठेवून. मग बाईंकडून पेन मागून घेतलं आणि आवाजांच्या नोंदीत दुरुस्ती केली: "एक पुरुष, एक बाई." बाईंनी गोळी पहिल्यासारखी केली. मला एवढंच म्हणाल्या, "त्याला सांगून लिहा म्हटलं होतं." रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. घरी येताना धाकटा माझ्या बरोबरीने चालला, पिशवीही त्यानेच धरली. मला वाटलं, निस्तरलं एकदाचं.

२९ मार्च
सकाळी गोळी आणि पाणी घेऊन त्याच्याकडे गेले. गोळी तळहातावर घेऊन तो बघत बसला.

"ताई, वहीचं हे एक खरं निघालं. मग बाकीचं खोटं कशावरून?"

मी पाण्याचा पेला पुढे केला. त्याने गोळी माझ्या हातात परत ठेवली.