दुकानातला कॉम्प्युटर अपग्रेड करावा की नाही

३ फेब्रुवारी, सोमवार
आज दुकानातल्या कॉम्प्युटरवर मजकूर आला की तुमची ऑपरेटिंग सिस्टीम फार जुनी झाली, यापुढे आमच्याकडून मदत मिळणार नाही, नवीन घ्या. भाषा उद्धट वाटली. जुनी आहे हे खरं. बटण दाबून मी झाडून घेतो, फ्रेमांचं कपाट पुसतो, तोवर कॉम्प्युटर उठतो. पण त्याच्यात सगळ्या गिऱ्हाइकांचे नंबर आहेत. चष्म्याच्या दुकानात दुसरं असतं काय?
हिचं म्हणणं, करून टाका अपग्रेड. ही डोळे तपासते, लेन्स मागवते, काउंटर सांभाळते. त्यामुळे तांत्रिक बाजू हिला कळत नाही. म्हटलं, निर्णय माझ्यावर सोड. उद्या देतो.

४ फेब्रुवारी
निर्णय जवळजवळ झाला. आधी अभ्यास.

६ फेब्रुवारी, गुरुवार
अभ्यास जोरात. इंटरनेटवर एकजण म्हणतो, बेधडक करा. दुसरा म्हणतो, करून पस्तावलो. दोघंही अनुभवी वाटतात. दुसऱ्याचं शुद्धलेखन चांगलं आहे.
संध्याकाळी साडू दुकानात टपकले. त्यांचं म्हणणं, आधी सगळ्याची कॉपी काढून ठेवा, मग एका दुपारचं काम आहे. हा माणूस लिफ्ट दुरुस्त करतो. लिफ्टला वर आणि खाली एवढंच कळतं. ही मात्र मान डोलावून ऐकत होती.

१० फेब्रुवारी, सोमवार
कॉपी काढायचं ठरवलं. (कल्पना माझीच. साडूंनी फक्त बोलून दाखवली.) पण कचऱ्याची कॉपी कशाला काढायची? म्हणून आधी साफसफाई. जुन्या फोटोंपासून सुरुवात केली. एका फोटोत मी फारच सडपातळ आहे. बराच वेळ बघितला. दुकान बंद करायची वेळ झाली. एकही फोटो उडवला नाही, पण कामाचा आवाका लक्षात आला.

१३ फेब्रुवारी, गुरुवार
हिने मेहुणीचा लॅपटॉप आणलाय. गिऱ्हाईक नसलं की माझ्या कॉम्प्युटरकडे बघत त्यावर टकटक करत बसते. विचारलं तर म्हणाली, नंबर उतरवून घेतेय. टायपिंगचा सराव दिसतो. माणसाला काहीतरी छंद हवा. म्हटलं, चालू दे.

१८ फेब्रुवारी, मंगळवार
ही आता अपग्रेडचं विचारतच नाही. विश्वास बसलेला दिसतो.
दुपारी एक गिऱ्हाईक समोर असताना कॉम्प्युटर अडकला. मी समजावलं की यंत्राला घाई केली तर बिघडतं. ते घड्याळ बघत होते. तेवढ्यात मागून हिने त्यांचा नंबर सांगितला, दोन्ही डोळ्यांचा. हिची स्मरणशक्ती चांगली आहे. मला कल्पना नव्हती.

२२ फेब्रुवारी, शनिवार
निर्णय पक्का. उद्या दुकान बंद असतं, उद्याच अपग्रेड. साडूंना बोलावू का, असं हिने विचारलं. हसलो. कॉपी काढलीत का, असंही विचारलं. म्हटलं, ज्याला स्वतःवर भरवसा नसतो तो कॉपी काढतो.

२३ फेब्रुवारी, रविवार
सकाळी १०. सुरू केलं.
११. सत्तावीस टक्के. किती सोपं आहे. लोक उगाच बाऊ करतात.
१२. सत्तावीस टक्के.
१.३०. सत्तावीस टक्के. पडद्यावर लिहिलंय, मध्येच बंद करू नका. हे सर्वसामान्यांसाठी असावं.
२. बंद केला.
२.०५. चालू केला. पडदा काळा. वर कोपऱ्यात एक पांढरी रेघ लुकलुकतेय. रेघ आहे म्हणजे धुगधुगी आहे.
४. रेघ गेली.
पाचपर्यंत समोर बसून होतो. आतल्या अंधाऱ्या खोलीत ही एकेकाचा डोळा तपासते, खालची ओळ वाचा म्हणते, पुन्हा वाचा म्हणते. असे मिळालेले ते नंबर. इतकी वर्षं.
घरी आल्यावर हिने विचारलं, झालं का? म्हटलं, मुख्य भाग झाला. मुकाट्याने जेवलो.

२४ फेब्रुवारी, सोमवार
दुकान उघडतो तोच एक बस ड्रायव्हर आला. चष्म्यावर कुणीतरी बसलं होतं, काचांचा चुरा. दोन डोळ्यांत भलताच फरक, नंबर पाठ नाही. मी सांगितलं, सिस्टीम अपग्रेड होतेय, उद्या या. तो शांतपणे म्हणाला, दुपारची बस आहे आणि चष्म्याशिवाय तो ती काढणार नाही. मी बटण पुन्हा एकदा दाबून बघितलं.
ही आतून आली. लॅपटॉप उघडला, नंबर काढला, खणातल्या लेन्स घेतल्या आणि मशीनवर घासायला बसली. ड्रायव्हर नवा चष्मा लावून, समोरची पाटी वाचून, खूश होऊन गेला.
मग मी सांगून टाकलं. काल सगळं गेलं.
ही म्हणाली, "माहीत आहे. काल भाजीत मीठ नव्हतं, तरी तुम्ही काही बोलला नाहीत."
नंबर एकूण एक लॅपटॉपवर आहेत म्हणाली. विचारलं, मग मला आधी का नाही सांगितलंस?
"सांगितलं होतं. तुम्ही चालू दे म्हणालात."
आठवून बघितलं. परवानगी मीच दिली होती. म्हणजे योजना एका अर्थी माझीच.

२५ फेब्रुवारी, मंगळवार
साडू येऊन कॉम्प्युटर उचलून घेऊन गेले. त्याच्या जागी लॅपटॉप ठेवलाय. टेबल फार मोठं आहे, हे आज कळलं.
दुपारी समोरच्या शाळेच्या मुख्याध्यापिका चष्म्याची सैल दांडी घेऊन आल्या. हिने लॅपटॉपवर त्यांचा नंबर चटकन काढला, ते बघून त्यांना नवल वाटलं. शाळेच्या ऑफिसातला कॉम्प्युटरही अगदी जुना झालाय, अपग्रेड करावा की नाही ठरत नाही म्हणाल्या. तुमच्याकडे हे सगळं कोण बघतं, असं विचारलं.
ही दांडीचा स्क्रू आवळत म्हणाली, "करते मी. हे बघतात."
बाहेरच्या माणसासमोर हिने हे पहिल्यांदाच मान्य केलं. मी लगेच मुख्याध्यापिकांना म्हटलं, घाई करू नका, आधी मी येऊन अभ्यास करतो. त्या माझ्याकडे बघून छान हसल्या आणि हिला विचारलं, गुरुवारी जमेल का.
गुरुवारी जायचं ठरलं. दोघांनीही. लॅपटॉपची बॅग मी धरणार आहे.