ओल्या वाटीतला प्रयोग

अंबड,
रविवार

प्रिय रेणुका,

तुझा फोन लागत नाही, आणि लागला तर ‘आत्या, रीडिंग चालू आहे’ एवढंच ऐकू येतं. म्हणून हे पत्र. संस्कृतच्या मास्तरणीला एवढी तरी हौस भागवू दे.

आबारावदादाने तुला संक्रांतीपर्यंतची मुदत दिली आहे. हैदराबादचं संशोधन गुंडाळायचं, धावड्याला घरी यायचं आणि मुलगा बघायचा. तू रडवेली होऊन म्हणालीस, आत्या, बाबांना माझं काम समजावून सांग. बाई गं, सेंद्रिय आम्लांच्या अभिक्रियेचा वेग द्रावक बदलला की का बदलतो, हे तू मला अनेकदा सांगितलंस आणि मी दरवेळी संस्कृत क्रियापदाच्या दहाही लकारांत मान डोलावली. कळलं काहीच नव्हतं.

शेवटी आमच्या शाळेतल्या देवकरसरांना गाठलं. ते रसायन शिकवतात. विधुर आहेत, अबोल आहेत. इतक्या वर्षांत आमचं संभाषण ‘खडू आहे का’ याच्या पुढे सरकलं नव्हतं. त्यांनी मात्र झकास समजावलं. काही द्रावक आम्लातल्या हायड्रोजनला असे बिलगून बसतात की त्याला दुसऱ्याकडे जाताच येत नाही; काही त्याला मोकळं सोडतात. आम्ल तेच, समोरचा पदार्थही तोच, पण एका द्रावकात रांगणं आणि दुसऱ्यात धावणं. मी म्हटलं, हे दादाला डोळ्यांनी दाखवायला हवं. सर स्वतःहून म्हणाले, मी येतो.

तर गेल्या रविवारी आम्ही धावड्याला. कडूबाईवहिनीकडून दोन वाट्या घेतल्या. एकीत पाणी, दुसरीत शेंगदाण्याचं तेल, दोन्हींत लिंबूसत्त्व आणि खायचा सोडा. सरांनी आधीच जाहीर केलं की पाण्यात फसफसेल, तेलात काही होणार नाही. पाण्यात फसफसलं. मग तेलातही बुडबुडे यायला लागले. दादा नुसता मिशीत हसला. सरांच्या चेहऱ्याचं वर्णन करायला माझ्याकडे उपमा नाही, आणि माझ्याकडे उपमा नाही असं कधी होत नाही.

घोटाळा वहिनीच्या अगत्याचा होता. आपल्याकडे पाहुण्याला भांडं विसळून निथळतंच देतात. कोरडं दिलं तर न धुतलेलं वाटतं. वाटीच्या तळाशी पाणी राहिलं होतं. सरांनी दुसरी वाटी स्वतःच्या रुमालाने खसखसून पुसली आणि पुन्हा मांडलं. तेल ढिम्म. मग दादाने स्वतः त्यात चमचाभर पाणी सोडलं, आणि फसफसल्यावर वहिनीचा सगळा सोडा संपेपर्यंत तेच करत बसला. शेवटी म्हणाला, “पोरगी हेच करून राह्यली का तिकडं? मंग हे तर बराबर काम हाय.” पण संक्रांतीचं काही बोलला नाही. तो तिढा तसाच राहिला.

परतीच्या एसटीत सर जालन्यापर्यंत बोलत होते. त्यांना शाकुंतलातलं बरंच पाठ आहे. उच्चार सदोष, पण सुधारता येण्याजोगे.

आता हे पत्र का लिहिलं ते. बुधवारी सरांनी मला लग्नाचं विचारलं. माझं वय सत्तेचाळीस, म्हणून मी विचार करायला पूर्ण एक तास घेतला. मग दादाला फोन केला. होकार द्यायचं ठरवलंय, असं सांगितलं. तो म्हणाला, “घरात थोरलीचं ऱ्हायलंय, अन् धाकटीची जल्दी कशाला? आधी शालू, तुझं. रेणुकाचं शिक्षण पुरं होऊ दे, तवर मी मुलाचं नाव काढणार न्हाई.” वहिनी मागून रडत होती, आनंदाने. तेव्हा तू संशोधन खुशाल पुरं कर. फक्त मार्गशीर्षात दोन दिवस सुट्टी घेऊन जालन्याला ये. नोंदणी पद्धतीचं लग्न आहे, साक्षीदार म्हणून तुझी सही हवी. फोनवर सांगितलं असतं तर तू हसली असतीस. आता हस पोटभर, आणि देवकरसरांना ‘आतोबा’ म्हणायचा सराव सुरू कर.

लाजायचं वय उलटून गेल्यावर लाजणारी,
तुझीच शालूआत्या