मनवाच्या खुब्याची सोनोग्राफी

पूनम वहिनी,

मनवा दूध पिऊन झोपलीय, आजी पाळण्यापाशी बसलीय. आज तू कामावर गेल्यावर मी तिला अलिबागला नेलं. आजीला लसीचं खोटं सांगितलं.

तेल लावताना तिचा डावा पाय उजव्यासारखा बाजूला पडत नाही, हे तुला दाखवलं होतं. स्वतःला मूल नाही म्हणून दुसऱ्याच्या पोरीत खोट शोधतेस, असं तू म्हणालीस. म्हणून न विचारता गेले. चुकलंच माझं.

डॉक्टरांनी खुब्याची सोनोग्राफी केली. एवढ्या लहान बाळाचं हाड एक्स-रेत नीट दिसत नाही म्हणे. खुब्याची वाटी उथळ आहे. आत्ताच पट्टा लावला तर सुधारेल. सोमवारी तुम्ही दोघं तिला घेऊन जा. तोवर दुपट्यात पाय सरळ आवळून बांधू नकोस.

मी आगरदांड्याहून बोटीने दिघीला, माझ्या घरी निघाले. राग आला असेल तर फोन करू नकोस.

आणखी एक. तपासताना ती रडायला लागली, तेव्हा डॉक्टर म्हणाले, "आई, तुम्ही जवळ घ्या तिला." मी घेतलं. आत्या आहे, हे सांगितलं नाही. सोमवारी तेवढं तू सांगून टाक.

क्रांती