आईची चाल आणि आमचे हे

तीर्थरूप ताईस (चारच वर्षांनी मोठी असलीस तरी तीर्थरूपच, कारण तू ते कुणाला विसरू देत नाहीस),

धाकटीचा वाकून नमस्कार. आम्ही इकडे खुशाल आहोत आणि तुम्हीही तसेच असाल असं धरून चालते. तुझी पाठ कशी आहे? भावोजींनी साखर सोडली का? (सोडली असंच ते सांगतील. तू त्यांच्या ऑफिसच्या बॅगेचा बाहेरचा कप्पा बघ.) तुझ्या सासूबाईंना माझा नमस्कार सांग, आणि ह्यांचाही. ह्यांनी सांगितलेला नाही, पण तू सांग. फोन असताना मी पत्र का लिहिते आहे असं तुला वाटेल. फोनवर मी "अगं, ऐक तर" म्हणेपर्यंत तुझं सगळं बोलून झालेलं असतं आणि तू ठेवूनही दिलेला असतोस. पत्राला मध्येच तोडता येत नाही, हा त्याचा फार मोठा गुण आहे. तेव्हा चहा घेऊन बैस आणि शेवटपर्यंत वाच.

गेल्या रविवारची पुरवणी तू पाहिलीच असशील, कारण भावोजींनी सकाळी सात वाजता फोन करून जे हसायला सुरुवात केली ते मी फोन ठेवल्यावरही चालूच राहिलं असणार. शेवटच्या पानावर, जिथे कुणी सलग नव्वद तास सिनेमे पाहिले, कुठल्या नटाच्या कुत्र्याला स्वतःचा मेकअपवाला आहे, असल्या करमणुकीच्या जगातल्या अजब बातम्या येतात, तिथे आमच्या ह्यांचा फोटो. अंगात बनियन, ओठांवर ती भरघोस मिशी, पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली आणि पायात लालभडक उंच टाचांचे सँडल. वर मथळा: 'नायिकेची चाल, मिशीवाल्याचे पाय'. समोरच्या डॉक्टरीणबाईंनी ते पान आमच्या दाराखालून आत सरकवलं, म्हणजे चुकून बघायचं राहायला नको. मला आधी धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. मग मी तो फोटो कापून घेतला आणि फ्रिजवर लावला. का लावला ते सांगण्यासाठीच हे पत्र.

आमचं लग्न ठरलं तेव्हा तू विचारलं होतंस, मुलगा नक्की करतो काय? बाबांनी "सिनेमात आहे" एवढं म्हणून विषय मिटवला होता. तर हे काय करतात ते बावीस वर्षांनी तुला नीट सांगते. शूटिंगच्या वेळी नुसते संवाद पकडतात. पावलं, दारं, कपड्यांची सळसळ, पेल्याचा टणत्कार, हे सगळं नंतर एका बंद खोलीत बसून नव्याने करायचं असतं. समोर पडद्यावर नायिका जिना उतरते आणि इकडे आमचे हे लाल सँडल घालून, डोळे पडद्यावर ठेवून, अगदी तिच्या पावलाला पाऊल मिळवतात. नायक रागाने दार आपटतो ते ह्यांनी आपटलेलं असतं. (स्वतःच्या घरी ह्यांनी एकदाही दार आपटलेलं नाही. त्यांच्या मते आमचं दार बेसूर आहे.) कबुतरांचा थवा उडतो ती आमची जुनी छत्री. हाणामारीत जी हाडं मोडतात ती माझी गाजरं, आणि खलनायकाच्या पोटात बसणारे गुद्दे गेली बावीस वर्षं माझा कोबी खातो आहे. पाहुणे येणार म्हणून आणलेला अडीच किलोचा गड्डा संध्याकाळी पिशवीतून परत आला तो अक्षरशः धारातीर्थी पडून. मी बोलले, तर म्हणाले, "अगं, क्लायमॅक्स होता."

चप्पल खरेदीचं तर विचारूच नकोस. दुकानात गेलो की हे दहा नंबरचे लेडीज सँडल मागतात आणि डोळे मिटून फरशीवर येरझाऱ्या घालतात. "ह्यात गर्व आहे, पण दुःख नाही," असं म्हणून परत करतात. विकणाऱ्या मुली माझ्याकडे बघतात. मी पंख्याकडे बघते.

आणि माणसं ओळखण्याच्या बाबतीत तू ह्यांना मठ्ठ म्हणतेस ते चूक नाही. चेहरा, नाव, नातं, काही म्हणून लक्षात राहत नाही. तुझ्या मोठ्या नणंदेला ह्यांनी तीनदा "आपण कोण?" असं विचारलंय. पण जिन्यात पाऊल वाजलं की न बघता सांगतात: डॉक्टरीणबाई आल्या, आज दवाखान्यात काहीतरी बिनसलंय. दुसऱ्या दिवशी कळतं, खरंच बिनसलं होतं.

आता मुद्द्यावर येते. तीन महिन्यांपूर्वी स्टुडिओच्या मालकांनी ह्यांना बोलावून घेतलं. म्हणाले, आता कॉम्प्युटरमध्ये चाळीस हजार आवाज तयार मिळतात, बटण दाबलं की पाऊल. तुमची खोली कशाला अडवून ठेवायची? तिथे कॉफीचं दुकान निघेल. हा एक सिनेमा झाला की बघू. 'बघू' म्हणजे काय ते बेचाळीस वर्षं नोकरी केलेल्या बाबांची मुलगी असल्यामुळे मला बरोबर कळलं. हे त्रेपन्न वर्षांचे. ह्या वयात नुसते पाय कोण नोकरीला ठेवतं?

ह्या सिनेमाची दिग्दर्शिका अठ्ठावीस वर्षांची आहे आणि भयंकर हट्टी. कॉम्प्युटरमधली पावलं तिने पहिल्याच दिवशी फेकून दिली आणि माणूसच हवा म्हणाली. तिथे आमची आशा. पण तिचा सगळा जीव एकाच प्रसंगात. म्हातारी आई बोळातून चालत मुलाच्या खोलीपर्यंत येते, दाराशी थांबते, आणि काही न बोलता परत फिरते. बस्स. संवाद नाही, संगीत नाही, आई दिसतसुद्धा नाही. कॅमेरा आत मुलावर, बाहेर फक्त पावलं. ह्यांनी अकरा वेळा करून दाखवलं. अकरा वेळा ती मान हलवून म्हणाली, "काका, ही बाई छान चालते. पण ही कुणाची आई नाही." बारावी वेळ सोमवारची ठरली. सोमवारीही जमलं नाही तर कॉम्प्युटर, असं मालकांनी सगळ्यांसमोर सांगून टाकलं.

त्या आठवड्यात घरी नुसती शांतता. कोबी फ्रिजमध्ये सुखरूप होता, त्यावरून समज. रोज संध्याकाळी हे आमच्या बोळातून चालायचे, थांबायचे, नाही म्हणायचे. मग शुक्रवारी जेवताना अचानक मला म्हणाले, "तुझी आई खोलीत यायच्या आधी दाराशी एक पाऊल घासायची. का गं?"

ताई, माझा घास हातातच राहिला. तुला आठवतं ना? गुडघे दुखरे, म्हणून दोन पावलं झपझप आणि तिसरं ओढल्यासारखं. आणि दाराशी आल्यावर चप्पल मुद्दाम फर्रकन घासायची, म्हणजे आपण अभ्यासाच्या पुस्तकाखाली धरलेली कादंबरी लपवायला आपल्याला वेळ मिळावा. आपल्याला वाटायचं, आपण फार हुशार. ती गेल्यानंतर कितीतरी दिवसांनी मला उमगलं, की ती आपल्याला वाचवत होती. हे मी ह्यांना कधी सांगितलं नव्हतं. ह्यांनी ते ऐकून ठेवलं होतं. मला बघायला आले होते तेव्हा सगळे बोलत होते आणि हे मान खाली घालून बसले होते, म्हणून तू मठ्ठ म्हणालीस. तेव्हा हे आईची चाल ऐकत होते.

आता ताई, खुर्चीत नीट बैस. त्या शनिवारी आम्ही तुझ्याकडे न कळवता आलो होतो, 'सहज' म्हणून. ते सहज नव्हतं. आई शेवटची दोन वर्षं तुझ्याकडे राहिली, तिच्या चपला तुझ्या घरात, आणि तिची वस्तू तू कुणाला हात लावू देत नाहीस. तिची शाल मी मागितली तेव्हा काय झालं ते दोघींनाही माहीत आहे. म्हणून मागितल्याच नाहीत. तू आत चहा करत होतीस, हे दाराजवळच्या चपलांच्या रॅकपाशी वाकले आणि सगळ्यात खालच्या फळीवरच्या तपकिरी चपला पिशवीत टाकल्या. मी खोकले, आवाज लपावा म्हणून. (हे नंतर म्हणाले, खोकला खोटा वाटत होता.) चोरी ती चोरीच. तुला काय बोलायचं ते बोल, मी ऐकून घेईन. पण आधी सोमवारचं ऐक.

सोमवारी हट्टाने मीही गेले. बावीस वर्षांत पहिल्यांदा. काचेच्या अलीकडे मी, दिग्दर्शिका, रेकॉर्डिस्ट आणि हातातल्या घड्याळाकडे बघणारे मालक. पलीकडे अंधारात बनियनवर आमचे हे. त्यांनी त्या चपलांना हळूच काहीतरी म्हटलं आणि पायात घातल्या. ह्यांचे पाय दहा नंबरचे, टाचा मागे तीन बोटं बाहेर. एरवी मला हसू आवरलं नसतं. मी डोळे मिटून घेतले.

दोन झपझप. एक ओढलेलं. दोन झपझप. एक ओढलेलं. आणि दाराशी फर्र.

ताई, मी मांडीवरची पर्स खाली लपवली. विचार न करता, हात आपोआप गेला. पन्नाशीला आलेली बाई मी, आणि आई येतेय म्हणून पर्स लपवली! मग बाहेर ती थांबली. किती वेळ थांबली कोण जाणे. मग पावलं फिरली आणि लांब गेली, आणि मला ओरडून सांगावंसं वाटलं, अगं ये ना आत, मी काही वाचत नाहीये. डोळे उघडले तर दिग्दर्शिका घळाघळा रडत होती, रेकॉर्डिस्ट चष्मा पुसत होता आणि मालक उठून आपल्या आईला फोन लावायला बाहेर गेले होते. परत आले ते कॉफीच्या दुकानाचं नावसुद्धा न काढता. आता आईचे उरलेले चार प्रसंगही ह्यांनाच करायचे आहेत, येत्या बुधवारपर्यंत. ते झाले की खोली ह्यांची राहील, असं मालकांनी हातात हात घेऊन सांगितलं.

आणि हे काय म्हणाले माहीत आहे? "माझं काही नाही. सगळं आईंच्या चपलांनी केलं." फोटो घ्यायला आलेल्या पेपरवाल्यालाही तेच सांगत होते, पण त्याला लाल सँडल जास्त आवडले. असा हा माणूस आहे. मी त्याला जन्मभर कोबीवरून बोलले.

तेव्हा ताई, एवढी एक वेळ क्षमा कर. बुधवारनंतर आईच्या चपला मी स्वतः आणून तुझ्या हातात देईन. राग आला तर माझ्यावर काढ, ह्यांच्यावर नको. भावोजींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझी,
धाकटी

ता. क. पाकीट चिकटवायला घेतलं आणि तुझा फोन आला. नेहमीप्रमाणे मला तोंड उघडू दिलं नाहीस. तुझ्या सासूबाईंच्या तपकिरी चपला तीन आठवडे सापडत नाहीत, जुन्या म्हणून तूच फेकून दिल्यास असा त्यांचा संशय आहे आणि त्यांनी तुझ्याशी अबोला धरला आहे, हे कळलं. मी चाचरत "आणि आईच्या?" एवढंच विचारलं, तर म्हणालीस, आईच्या माझ्या कपाटात मऊ कापडात गुंडाळलेल्या आहेत, आत्ताच हात लावून आले, दोघींनी एकाच दुकानातून एकसारख्या घेतल्या होत्या ना. आणि फोन ठेवलास. मी तेव्हापासून स्वयंपाकघरात उभी आहे.

ता. क. दुसरा. ताई, तुझ्या पाया पडते, बुधवारपर्यंत सासूबाईंचा अबोला सोस. ह्यांना कळता कामा नये. त्यांना कळलं तर पाय जागच्या जागी थिजतील, चार प्रसंग राहतील आणि खोली जाईल. आईच्या चपलाही धाडू नकोस. ह्याच चालू देत. रोज सकाळी पायात घालण्याआधी हे अदबीने विचारतात, "आई, येऊ का?" तुझ्या सासूबाईंना बावीस वर्षांत ह्यांच्याकडून एवढा मान मिळालेला नाही. बुधवारनंतर मी त्यांच्यासाठी नव्या चपला घेऊन येईन आणि सगळं माझ्या तोंडाने कबूल करीन.

ता. क. तिसरा आणि शेवटचा. गुरुवारी मी ह्यांना खरं सांगणार आहे, की त्या चपला आईच्या नव्हत्याच, दारात आई आली ती तुमच्या पायांनी. वाक्य तयार आहे, पण चार वेळा आरशासमोर म्हणून पाहिलं, जमत नाही. मी ह्यांचं तोंडावर कौतुक कधी केलेलंच नाही. तू भावोजींचं कधी केलं असशील, तर ते कसं करतात तेवढं बुधवारच्या आत कळव.