निळ्या हातांची मंडळी

५ फेब्रुवारी
पाळकसाहेबांनी गळ्यात घातलंच! आपल्या चर्चच्या मंडळीच्या पंचाहत्तरीची पुस्तिका मी लिहायची. "तुमचं अक्षर चांगलं आहे," म्हणे. चांगल्या अक्षराचे हे भोग. हो म्हटलं, पण अट घातली — माझं नाव छापायचं नाही. घरी ह्यांना रविवारी माझा शिवणाचा क्लास असतो एवढंच ठाऊक. सहा वर्षं! चर्चला जाते हे कळलं तर काय होईल, विचारही करवत नाही.

८ फेब्रुवारी
दिवसभर चर्चच्या बांधकामाचा इतिहास, म्हणजे विटा आणि छप्पर. लिहिता लिहिता मलाच जांभया आल्या.

११ फेब्रुवारी, रविवार
उपासनेनंतर मंडळीतल्या सगळ्यात जुन्या रंगारी आजींकडे. त्यांचे वडील कापड रंगवायच्या कारखान्यात मुकादम होते. पहिले सात जण त्यांनीच जमवले, सगळे तिथलेच कामगार. मालकाला कळलं तर काम जाणार, म्हणून सगळं गुपचूप. बाप्तिस्म्यासाठी बुडायला पाणी हवं, आणि नदीवर गेलं तर गाव बघणार. मग सुट्टीच्या पहाटे कारखान्यातलाच लाकडी हौद घासून घेतला. गार पाण्यात तो अगदी स्वच्छ दिसत होता. पण सातांत एक म्हातारी होती. तिला हुडहुडी भरेल म्हणून मुकादमांनी पाणी कोमट केलं — आणि लाकडात मुरलेला रंग सुटला! अंधारात कुणाच्या लक्षात आलं नाही. उजाडलं तेव्हा सातही जण नखशिखांत निळे.

हसता हसता आजींना ठसका लागला. "अगं, रंगाऱ्याचे हात निळे असतातच. पण कानामागे? टाळूवर? लोकांना सांगणार काय?"
"मग काय सांगितलं?"
"खरं तेच. मालकाने दरडावून विचारलं, तर म्हातारीच पुढे झाली. बाप्तिस्मा घेतलाय, म्हणाली. लपायची सोयच उरली नाही बघ."

दोघांचं काम गेलं. बाकीच्यांनी त्यांची चूल विझू दिली नाही. अशी ही आपली मंडळी सुरू झाली. केवढी माणसं!
घरी आले. ह्यांनी विचारलं, आज काय शिवलंस? काजं, म्हटलं.

१४ फेब्रुवारी
पाळकसाहेब म्हणतात, निळा प्रसंग गाळा, लोक हसतील. मी म्हटलं, तो गाळला तर उरतात फक्त विटा. मग तेच हसले. प्रसंग राहिला.

२२ फेब्रुवारी
कशातच मन लागत नाही. त्या म्हातारीच्या धिटाईचं कौतुक पानभर लिहायचं, आणि लिहिणारी मात्र निनावी! माझी मलाच लाज वाटली. छापखान्यात फोन केला. नाव घाला म्हटलं.

३ मार्च, रविवार
पुस्तिका ह्यांच्या चहाशेजारी ठेवली आणि स्वयंपाकघरात उगाच डबे पुसत बसले. बऱ्याच वेळाने हे आत आले. चष्मा कपाळावर, बोट पानात.
"सहा वर्षं शिवणाचा क्लास," म्हणाले, "आणि माझ्या शर्टाची बटणं अजून मीच लावतो. मला काय कळत नाही?"
मी हातातला डबा खाली ठेवला.
"म्हातारीचं छान लिहिलंयस." मग घड्याळाकडे बघून, "आवर आता. क्लासला उशीर होतोय. मी सोडतो."